आत कोणी यायचं नाही

९ फेब्रुवारी

गाल अजून ठणकतोय. आरशात पाहिलं तर बोटं जशीच्या तशी उमटलेली. आजच लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी ‘जाऊ दे गं राजेश्वरी’ म्हणालं तर माझ्या अंगातला राग मला परत सापडेल.

दुपारी बैलगाडा शर्यतीतला एक मुलगा आणला. ओंकार, माझ्याहून लहान. शर्यतीच्या घाटात, धावपट्टीवर, गाडा उधळला आणि चाक छातीवरून गेलं. ओठ निळे, छाती एकाच बाजूने हलतेय, नाडी हाताला लागेना. आमच्या कॅज्युअल्टीत अशा पेशंटचे कपडे काढत बसत नाहीत, कापतात. कुठून रक्त जातंय ते दिसलं पाहिजे. मी कात्री घेतली आणि गळ्यापासून खालपर्यंत शर्ट, बनियन, पँट, कमरेचा काळा करगोटा, सगळं एका दमात कापत गेले. डोक्याशी त्याचा बाप उभा होता. हौशीराम, माजी सरपंच, केसात भंडारा, मिशीत भंडारा. करगोटा तुटला तसा हा माणूस ओरडला, ‘जिता हाय माझा, जिता हाय,’ आणि माझ्या थोबाडीत मारली.

चष्मा ट्रॉलीखाली गेला. सिस्टर नंदाबाईंनी पाहिलं, दारावरच्या सोपानने पाहिलं, दारात गर्दी करून उभ्या असलेल्या अख्ख्या शर्यतीने पाहिलं. मी चष्मा शोधला नाही. त्याच्या पोराच्या बरगड्यांमध्ये छेद दिला, नळी घातली, कोंडलेली हवा बाहेर पडली आणि ओठांचा रंग परत आला. बापाने माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. पोराचं तोंड कुरवाळत बसला होता.

मुलगा मी वाचवला आणि बक्षीस हे मिळालं.

१० फेब्रुवारी

तक्रार दिली. मोठे सर म्हणाले, ‘विचार कर, हॉस्पिटल गावातच चालवायचंय.’ मी म्हटलं, ‘सर, थोबाडीत तुम्हाला नाही बसली.’ त्यांनी कागद पुढे पाठवला. सर्जन म्हणून देवमाणूस आहेत, पण माणूस म्हणून मेणाचे.

डॉक्टरवर हात टाकला तर सहजासहजी जामीन मिळत नाही. हौशीराम आज लॉकअपमध्ये झोपणार. मी आज पोटभर जेवले.

१५ फेब्रुवारी

सुटला. आणि सुटल्या सुटल्या गावची चार माणसं नारळ घेऊन माझ्या क्वार्टरवर आली. ‘ताई, नारळ घ्या, मिटवून टाका. देवळात चला, तिथं तुमचा मानपान करतो.’ शाल पण आणली होती. मी म्हटलं, ‘देवळात मला कोणी मारलं नाही. कॅज्युअल्टीत मारलं. त्याच दारात, त्याच माणसांसमोर त्याने हात जोडून ‘चुकलो’ म्हणायचं. मग केसचं बघू.’

एकजण म्हणाला, ‘आबा तसं न्हाई करायचे. लय ताठ मानूस हाय.’

‘मग मी पण ताठ आहे म्हणून सांगा.’

नारळ परत घेऊन गेले. संध्याकाळी निरोप आला, ‘पोरीच्या वयाच्या बाईम्होरं हात जोडायला मी काय कुनाची कोंबडी चोरलीय का?’ बरं. मी पण तळेगावची आहे. डूख धरला की धरला.

आईचा फोन होता. ‘बाई गं, सोडून दे, लग्नाचं बघायचंय आपल्याला.’ थोबाडीत बसलेल्या मुलीला स्थळं येत नाहीत की काय, असं विचारलं. तिने फोन ठेवला.

२ मार्च

आज चहा पिताना नंदाबाई हळूच म्हणाल्या, ‘मॅडम, एक सांगू का? आमच्याकडं करगोटा जित्या मानसाचा तोडत न्हाईत. मानूस गेला की मग तोडतात, सरणावर ठेवायच्या आधी. आबांना वाटलं, तुमी पोराला मेल्यात काढलं.’

म्हणजे त्या ‘जिता हाय’चा अर्थ हा. मला वाटलं होतं, मी मारतेय असं म्हणतोय.

मी म्हटलं, ‘तोंड होतं ना त्याला? विचारायचं होतं. हात कशाला चालवला?’ नंदाबाई म्हणाल्या, ‘व्हय, ते बी खरंच,’ आणि कप विसळायला गेल्या. उद्या पोट कापायच्या आधी मी पंचांग बघू का? ज्याचा श्वास जातोय त्याचा दोरा सांभाळत बसले असते तर खरोखरच सरणावर गेला असता तो.

माफ करायचं कारण मला पुरवायचं नाही कोणी.

११ मार्च

हे कोणाला सांगितलं नाही. आज एका म्हाताऱ्याच्या डोक्याला टाके घालत होते. त्याच्या मुलाने मागून डास मारायला हात उचलला आणि मी खाली वाकले. सुई हातातून पडली. मुलगा म्हणाला, ‘काय झालं मॅडम?’ मी म्हटलं, ‘काही नाही, घसरली.’

ज्या हाताने डोळ्यांना नीट दिसत नसताना नळी घातली, तो हात डासाला घाबरला. नातेवाईक भोवती उभे राहिले की माझ्या मानेचे केस उभे राहतात. अशी डॉक्टर काय कामाची? मला हे एक काम येतं. तेही जर त्या माणसाने हिरावून घेतलं असेल तर त्याला कोर्टात उभा केल्याशिवाय मी राहणार नाही.

१३ मार्च

मोठ्या सरांना सांगितलं, एकतर नियम करा नाहीतर माझा राजीनामा घ्या. कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर जमिनीवर जाड पिवळा पट्टा मारून घेतला. पट्ट्याच्या आत नातेवाईकांनी पाऊल टाकायचं नाही. पेशंट आत आला की दाराला आतून कडी. दारावर सोपान. आयसीयूलाही तेच. सोपानला पाठ करून घेतलं, ‘आत कोणी यायचं नाही.’

नंदाबाई म्हणाल्या, ‘मॅडम, मानूस बेशुद्ध असला तर काय झालं ते कुनाला इचारायचं?’

‘जखम सांगते,’ मी म्हटलं.

२८ मार्च

नियम झकास चाललाय. एक्सप्रेसवेवर आज गाडी उलटली, पेशंटची माणसं बाहेर बोंबलत होती आणि आत देवळासारखी शांतता. एकदाही दचकले नाही. आता या लोकांना कळेल, डॉक्टर म्हणजे काय.

ओंकारचा हातही मोडला होता, त्यासाठी बाप त्याला घेऊन येतो. पोरगा मला पाहून हसतो, बाप बाकावर बसून पिवळ्या पट्ट्याकडे बघत राहतो. मुद्दाम बसतो, मला दबवायला. बस म्हणावं. मी मुद्दाम त्याच्या समोरून दोनदा गेले आणि आत जाऊन कडी जोरात लावली. त्याच्यासाठीच लावली, खरं सांगायचं तर.

१७ एप्रिल, दुपारी

जरा उसंत मिळालीय. कार्ल्याकडून एका टेम्पोवाल्याने पेशंट आणून टाकला. नवशा, डोंगरातल्या वाडीवरचा. मोटारसायकलला मागून गाडीने उडवलं, गाडीवाला पसार. डोक्याला मार, शुद्ध नाही. श्वासाची नळी घातली, मान हलू नये म्हणून बांधली, पुण्याला पाठवायची तयारी केली. तासाभरात ॲम्ब्युलन्समध्ये चढवला. कुठे चूक नाही, कुठे घाई नाही. मोठे सर ‘छान’ म्हणाले.

बाहेर त्याची बायको होती, बाया. रस्त्याकडेला करवंदं विकत बसते, टेम्पोवाल्याने तिला वाटेतच उचललं म्हणे. तिने दार वाजवून वाजवून डोकं उठवलं. काचेतून मला दोन बोटं दाखवत होती. दोन काय, दोन मिनिटं? मी मान हलवली, नाही म्हणून. सोपान ओरडला, ‘ए बाई, मागं हो, आत बघत्यात सगळं.’ तेव्हा कुठे खाली बसली. सगळ्यांना वाटतं रडून-ओरडून दार उघडतं.

नंतर सोपानने पण एकदा दार वाजवलं. ‘मॅडम, आबा काय म्हणत्यात बघा.’ हौशीराम आज बाकावर होताच. मी आतूनच म्हटलं, ‘आबांना म्हणावं, नंतर.’ तो त्याची पिकअप काढून तणतणत निघून गेला. सुंठीवाचून खोकला गेला.

१७ एप्रिल, रात्री

जमेल तसं लिहिते.

दार तुटलं. लाथेने. मी आत एका पोराचा हात बघत होते, कडी उखडून फरशीवर पडली आणि हौशीराम आत आला. मी मागे सरकले, भिंतीला टेकले. मला वाटलं, आज हा मला मारूनच टाकणार. मग पाहिलं तर त्याच्या दोन्ही हातांवर एक मुलगी होती. दहा-बारा वर्षांची. अंगभर करवंदीचे काटे, एक पाय भलतीकडेच वळलेला, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर रक्त.

‘रस्त्याच्या मोरीखाली व्हती,’ तो म्हणाला. ‘गाडीवर दोगं व्हती. बाप आन लेक. टेम्पोवाल्याला एकच दिसला.’

ही रूपा. बायाची मुलगी. बाया मघाशी दोन बोटं दाखवत होती, ती ही.

सोपानच्या ‘आत बघत्यात सगळं’वरून तिला वाटलं, रूपा आत आहे. दुसऱ्या गाडीने आधीच आणली असणार आणि मी तिला बघतेय. म्हणून गप्प बसली होती. हौशीरामने बाकावरून तिला विचारलं, ‘कोन आत हाय तुझं?’ ती म्हणाली, ‘नवरा आन पोर.’ त्याने तर एकालाच आत जाताना पाहिलं होतं. त्याने सोपानला आत विचारायला लावलं आणि मी ‘नंतर’ म्हटलं. मग तो स्वतः कार्ल्याला गेला, मोरीत उतरला.

मी काम केलं. मांडीला वरच्या बाजूला पट्टा आवळला, दोन्ही हातांत सुया घातल्या, रक्त मागवलं. स्टँड जवळ नव्हता. मी न बघता ओरडले, ‘ही बाटली धरा वर.’ त्याने धरली. ‘अजून वर.’ अजून वर धरली. मुलगी ऑपरेशनला जाईपर्यंत तो हात वर करून उभा होता आणि मी त्याला हुकूम सोडत होते. एकदाही उलटून बोलला नाही.

मुलीला सर आत घेऊन गेले तेव्हा तो पट्ट्याबाहेर जाऊन उभा राहिला. कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

१८ एप्रिल

पाय गेला. गुडघ्याच्या वर. मोठे सर म्हणाले, ‘तसाही गेलाच असता, पार चेंगरला होता.’ मी विचारलं, ‘नक्की, सर?’ ते हात धूत राहिले. पुष्कळ वेळ धूत राहिले.

मुलगी जगेल. आयसीयूत आहे. नवशाचा भाऊ त्याच्याबरोबर पुण्यात आहे, नवशाही जगेल म्हणतात. बायाबाई इथे पट्ट्याबाहेर भिंतीशी बसून असते. नंदाबाई तिला काचेतून मुलगी दाखवतात. काही मागत नाही, काही विचारत नाही. बरंच आहे.

१९ एप्रिल

दुपारी हवालदार आले. ‘मॅडम, आता तर मजबूत झाली केस. दार तोडून घुसला, सगळं कॅमेऱ्यात आहे. जबाबात वाढवू का?’ सोपान माझ्याकडे बघत होता. नंदाबाई माझ्याकडे बघत होत्या.

‘वाढवा,’ मी म्हटलं.

खोटं काय आहे त्यात? दार तोडलं ते तोडलं. नंदाबाई दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. बोलू नका म्हणावं. मला सगळं कळतं. त्याने मोरीत उतरून मुलगी काढली, तो बरोबर होता, मी चूक होते, हे कळायला मला कोणाची शिकवणी नको. पण तो चुकलेला असताना त्याला माफ करणं एकवेळ जमलं असतं. आता तो बरोबर आहे. आता तर मुळीच जमायचं नाही.

जेवण गेलं नाही.

२० एप्रिल

देव पावला म्हणायचं की काय. तीच नारळवाली माणसं आज परत आली, नारळ न घेता. ‘आबा तयार हायत. उद्या सकाळी कॅज्युअल्टीच्या दारात येतील. तुमी म्हनाल तसं.’

‘सगळ्यांसमोर?’

‘सगळ्यांसमोर. शर्यतीतली मानसं बी घेऊन येतो म्हनले.’

दार तोडल्याच्या जबाबाने नांगी मोडली त्याची. अडीच महिने मिशीला पीळ भरत होता, आता कसा सरळ आला. मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, ‘झालं ना मनासारखं? आता तरी बरं वाटेल.’ मी म्हटलं, ‘हो, खूप.’ उद्यासाठी इस्त्रीचा ॲप्रन काढून ठेवलाय.

२१ एप्रिल

सकाळी तो आला. पिकअपमागे पिकअप लागल्या, त्या दिवशी दारात होती ती बहुतेक माणसं आली. ओंकार प्लास्टर निघालेला हात पोटाशी धरून उभा. मोठे सर आले, सोपान, नंदाबाई, हवालदारही आले. नवं दार सताड उघडं होतं आणि दारात मी होते. हेच तर मला हवं होतं.

हौशीराम पट्ट्याच्या पलीकडे थांबला. टोपी काढली. त्याने माझ्याकडे बघून हात जोडले.

‘ताई, तुमी माझं पोरगं वाचवलं आन मी तुमाला मारलं. करगोटा तुटला तसा माझा जीव गेला, पर त्ये कारन सांगायला आलो न्हाई. हात माझा व्हता. चुकलो. माफी असावी.’

शब्द अन् शब्द मनासारखा. मी कितीतरी वेळा मनात वदवून घेतला होता त्याच्याकडून, पण इतका चांगला कधी वदवला नव्हता. मी म्हटलं, ‘ठीक आहे.’ मग वाट पाहिली. आत काहीतरी गार होईल, सुटेल, असं मला वाटलं होतं. काही झालं नाही.

तो गेला नाही. टोपी परत डोक्यावर घातली, नीट बसवली.

‘माझं झालं,’ म्हणाला. ‘आता तुमी.’

‘मी काय?’

त्याने भिंतीकडे मान वळवली. तिथे बायाबाई उकिडवी बसली होती, नेहमीसारखी. एवढी माणसं का जमलीत ते तिला माहीतही नसावं.

‘तिला म्हना. ह्याच मानसांम्होरं. तुमचाच नेम हाय न्हवं, जितं चुकलं तितंच म्हनायचं.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हा वाकायला आलाच नव्हता. मला सगळ्यांसमोर खाली ओढायला आला होता, आणि त्यासाठी आधी स्वतः खाली उतरला होता. माणसं माझ्यासाठी जमवली नव्हती, माझ्याविरुद्ध जमवली होती. उट्टं काढायचं तर असं काढतात, मी उगाच जबाब लिहीत बसले.

मोठ्या सरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. नंदाबाईंनी मात्र नजर हलवली नाही. आत निघून गेले असते, कडी लावली असती, तर कोण काय करणार होतं? नोकरी गेली नसती. कोणी बोललं नसतं. बायाबाईच्या वतीने तक्रार करणारं जगात कोणी नव्हतं, या एका माणसाशिवाय. आणि त्याला तिचं पडलं होतं की माझी जिरवायची होती, ते मला अजून ठरवता येत नाही.

पट्टा ओलांडून मी तिच्यासमोर गेले. ती धडपडत उठली, पदर सावरला आणि एक पाऊल मागे सरकली. मी रागवायला आलेय, असं वाटलं तिला. मी भिंतीला टेकले होते ना परवा, अगदी तशी टेकली.

‘बाई, त्या दिवशी तुम्ही दार वाजवत होता,’ मी म्हटलं. मागून कोणीतरी म्हणालं, ‘ऐकू येईना.’ मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. ‘तुम्ही दोघं आहेत म्हणून सांगत होता. मी दार उघडलं नाही. उघडलं असतं तर रूपाला लवकर आणता आलं असतं. चुकले मी. माझं चुकलं.’

हात जोडले. तेही केलं.

तिने हौशीरामकडे पाहिलं, मग सोपानकडे, मग माझ्या जोडलेल्या हातांकडे. मला वाटलं, आता ही मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, या वेळी मी खाली वाकले नसते.

‘व्हय बाई,’ ती म्हणाली. ‘मंग आता पोरीपाशी आत जाऊ का?’